टेम्पो, ट्रॅक्स आणि छोटा हत्ती

पहूरच्या चौफुलीवर माझं निम्मं बालपण गेलं. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. एक फाटा जामनेरला वळतो, दुसरा शेंदुर्णीमार्गे पाचोऱ्याला. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती असलेलं हे गाव वाघूर नदीच्या काठी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहते तीच ही वाघूर. परदेशी पाहुण्यांच्या एसी गाड्या आमच्या चौफुलीवरून थेट लेण्यांकडे निघून जायच्या. आमची नजर मात्र काळ्या-पिवळ्या जीपांवर असायची, कारण त्यातली एक माझ्या चाचाची होती.

चाचाने १९९५ साली जुनी कमांडर घेतली. आरटीओच्या पुस्तकात तिची आसनं नऊ. चाचा पंधरा माणसं भरल्याशिवाय चाक हलू द्यायचा नाही. बाजाराच्या दिवशी वीस. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण बसायचा, अर्धा आत, अर्धा बाहेर. मागे फुटबोर्डवर तीन आणि टपावर शेवग्याच्या जुड्या, कोंबड्यांची डालगी, कधी एखादी सायकल. मी सुट्टीत क्लीनर म्हणून जायचो आणि ‘जामनेर, जामनेर’ असं घसा फाटेपर्यंत ओरडायचो. त्या वयात हे सगळं मला गमतीचं वाटे. ही गाडी मुळात कुणासाठी आणि कशासाठी बनवलेली होती, हा प्रश्न खूप नंतर पडला. त्याचं उत्तर शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की, आपल्या गावाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या गाड्यांच्या पाट्यांवर आणि फाळक्यांवर लिहिलेला आहे. तो कुणी वाचत नाही, इतकंच.

जीप हे लढाईचं वाहन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती बनली. भारतात ती आणणाऱ्या कंपनीचं मूळ नाव आज बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९४५ साली जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली, तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये ते गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. दोन्ही ‘एम’ तसेच राहिले. हे मी पहिल्यांदा चाचाला सांगितलं, तेव्हा तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “मतलब आधी गाडी अपनी थी!” गॅरेजमधले सगळे हसले. मी पण हसलो. पण फाळणीने माणसांबरोबर कंपन्यांच्या पाट्याही बदलल्या, हे मला त्या हसण्यातच कळलं.

महिंद्राने विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी सुरू केली, नंतर परवान्याने इथेच बनवायला घेतली. सैन्य, पोलीस, वनखातं, पाटबंधारे, कलेक्टर कचेरी हे तिचे गिऱ्हाईक. खेड्यातल्या माणसासाठी जीप म्हणजे सरकार. ती गावात शिरली की लोक उठून उभे राहत. त्याच जीपमध्ये लोक पुढे कोंबड्या घेऊन बसले, या प्रवासाला जवळपास चाळीस वर्षं लागली.

ही चाळीस वर्षं का लागली, हा खरा मुद्दा आहे.

माझे दादा बागवान. अजिंठ्याच्या डोंगरात पावसाळा सरताना सीताफळं लागतात. ती गोळा करणाऱ्यांकडून दादा पाट्याच्या पाट्या घ्यायचे आणि जळगावच्या बाजारात न्यायचे. सीताफळाला सबुरी नाही. आज डोळा उघडलेलं फळ परवा हाताला लागतं. दादांचा माल असायचा बारा-पंधरा पाट्या. एसटीच्या टपावर तो जास्त व्हायचा, कंडक्टर कुरकुर करायचा. ट्रकसाठी तो कमी पडायचा, कारण ट्रकवाला भाडं पूर्ण गाडीचं मागायचा. बैलगाडीने रात्रभर चाललं तर माल मऊ पडायचा. मग दादा चौफुलीवर बसून औरंगाबादकडून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकची वाट बघायचे. मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर दुपारी गावातच फुकटच्या भावाने विकायचं. बैलगाडी आणि ट्रक यांच्यामध्ये काहीच नव्हतं. माझ्या घरच्या गरिबीचा मोठा हिस्सा त्या रिकाम्या जागेत आहे, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

आमची पीजे होती म्हणा. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी, छपन्न किलोमीटरचा मार्ग, वाटेत शेंदुर्णी आणि पहूर. गरिबाचं खरं वाहन तेच. पण ती तिच्या वेळेला आणि तिच्या रुळांवर चालायची. जळगावचा बाजार तिच्या वाटेवर नव्हता.

ही पोकळी कुणाला दिसलीच नाही असं नाही. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. फिरोदिया अहमदनगरचे, वकील, स्वातंत्र्य चळवळीतले. जर्मनीतल्या हॅम्बुर्गची विडाल अँड सोन नावाची कंपनी ‘टेम्पो’ नावाने छोटी मालवाहू वाहनं बनवायची. तिच्याशी करार करून ‘हानसीट’ ही तीनचाकी इथे आली. पुढे एकच चाक, इंजिन त्याच चाकावर, आणि तेच चाक सगळी गाडी ओढणार. पहिल्या महायुद्धानंतर आणि दुसऱ्याही महायुद्धानंतर जर्मनीतल्या किराणेवाल्यांनी, भाजीवाल्यांनी अशा गाड्यांवर धंदा सावरला होता. जर्मनीत लोकांच्या हातात पैसा आला आणि तिथे तीनचाकीचे दिवस संपले. आपल्याकडे ते सुरू झाले. ‘टेम्पो’ हे एका परदेशी कंपनीचं नाव होतं हे आज कुणाच्या लक्षातही नाही. मराठीत टेम्पो म्हणजे टेम्पो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. १९६९ साली त्याच कंपनीची मेटॅडोर आली. शब्द स्पेनमधल्या बैलांशी झुंजणाऱ्या माणसाचा. आमच्याकडे तिनेही बैलाशीच झुंज घेतली, पण ती बैलगाडीच्या बैलाशी.

मग पहूरला टेम्पो का नव्हता? होता, पण शहरात जेवढे होते त्याच्या पासंगालाही नाही. कारण त्या काळात गाडी बनवायची तर सरकारचा परवाना लागायचा. कोणत्या जातीची गाडी आणि वर्षाला किती, हे दोन्ही परवान्यात लिहिलेलं असायचं. १९५३ साली सरकारने ठरवलं की, जे कारखाने नुसती जुळणी करतात आणि इथे निर्मितीचा कार्यक्रम देत नाहीत त्यांनी निघून जावं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, ती गेली. फोर्डही गेली. धोरणामागचा हेतू चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आपल्या पोलादाची आणि आपल्या कारागिरांची गाडी हवी हे बरोबरच होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला प्रीमियर उभी केली ती त्याच जिद्दीतून. पण मोजक्या कंपन्या, मोजकी मॉडेलं आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असा सगळा कारभार झाला. ज्याला मागणी आहे त्याने थांबायचं. आणि ज्याची मागणी कागदावर आलीच नाही, म्हणजे माझे दादा, त्याने तर थांबायचंसुद्धा नाही. तो यादीतच नाही.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची गोष्ट इथे आठवते. या माणसाने स्वातंत्र्याच्या आसपास ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवायला घेतली. एक मॉडेल झालं, मग सुधारून दुसरं, असं १९७० पर्यंत चाललं. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली. कारखाना मात्र उभा राहू शकला नाही. छोट्या मोटारीची सरकारी गोष्ट नंतर दिल्लीत वेगळ्याच वळणाने गेली आणि मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. मारुतीने मध्यमवर्गाचं आयुष्य बदललं हे खरं. पण पेट्रोलवर चालणारी, चार माणसांची ती गाडी आमच्या पहूरमध्ये डॉक्टर आणि जिनिंगवाले यांच्यापुरतीच राहिली.

ऐंशीच्या दशकात परवान्यांची गाठ जराशी सैल झाली. जपानी कंपन्यांशी करार करून चार छोटे ट्रक एकदम आले: डीसीएम टोयोटा, आल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. टाटांनी १९८६ साली ४०७ काढून त्यांना उत्तर दिलं. ४०७ आमच्या रस्त्यांना मानवली. पाटे मजबूत, कुठल्याही मिस्त्रीला उघडता येणारं इंजिन, दुप्पट माल भरला तरी कण्हत का होईना चालणारी. त्या जपानी नावांमधलं आज खेड्यात एकच उरलंय, आणि तेही जपानी नव्हे: आयशर. दादांच्या हयातीत गावात पहिली ४०७ आली. ती केळी-कापसाच्या व्यापाऱ्याची होती. दादांना त्यात भाड्याने कोपरा मिळायला लागला. स्वतःची घ्यायची ऐपत नव्हती.

माणसांच्या वाहतुकीत तर याहून विचित्र स्थिती होती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढे टप्पा वाहतुकीचा हक्क महामंडळाकडे गेला. एसटीने या राज्यावर जे उपकार केलेत ते मी विसरणार नाही. माझ्या बहिणी एसटीच्या पासवर शिकल्या. पण दिवसातून दोन फेऱ्या असलेल्या गावातल्या माणसाला दवाखान्यात जायचं असेल तर तो तिसऱ्या फेरीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार का? ही दुसरी पोकळी. पन्नास आसनांची बस परवडत नाही आणि तीन आसनांची रिक्षा पुरत नाही, अशा वाड्या-वस्त्यांची. ती भरायला कुठल्याही कारखान्याने गाडी बनवली नाही. ती आमच्यासारख्यांनी जीपमध्ये बाक ठोकून बनवली.

डिझेलने हे शक्य झालं. महिंद्राने आधी स्वतःच्या ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवून पाहिलं, नंतर फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीला डिझेल इंजिनं बनवली. बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॅक्स आणली. महिंद्राची कमांडर नव्वदीत आली. १९९४ ला टाटांची सुमो आली, तिचं नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून. यातल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांची ताकद नव्हती. लढाईच्या जीपचा जो मूळ गुण, चारही चाकांनी चिखलातून निघण्याचा, तोच काढून टाकलेला. गिऱ्हाइकाला तो परवडत नव्हता. काळ्या जमिनीत, श्रावणात, गाडी रुतली की पॅसेंजर उतरून ढकलायचे. चाचा म्हणायचा, “फोर व्हील ड्राइव्ह नहीं तो क्या हुआ, चालीस पाँव हैं ना!”

कायदा काय म्हणत होता? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून सहा माणसांपर्यंतची मोटार कॅब आणि बारापर्यंतची मॅक्सी कॅब. दोघींनाही ठरलेल्या भाड्याने एकत्र प्रवासी न्यायची मुभा, वाटेत चढ-उतार करत टप्पा वाहतूक करायची नाही. म्हणजे चाचा जे रोज करत होता तेच नेमकं बेकायदा. वर्तमानपत्रात त्याला ‘अवैध प्रवासी वाहतूक’ म्हणत. महिना ठरलेला होता, कुणाला किती हे मी सांगत नाही. एका संध्याकाळी चाचा घरी आला तो शर्टाची बटणं तुटलेली. चौफुलीवर एका साहेबाने सर्वांसमोर कानशिलात मारली होती. सकाळी त्याच साहेबाच्या घरचे लोक दुसऱ्या काळी-पिवळीने लग्नाला गेले होते. एसटीला वेळ नव्हता म्हणे.

पण चाचाची बाजू घेताना मला हेही लिहिलं पाहिजे. नेरीच्या अलीकडे एकदा गाडीचं पुढचं टायर फुटलं. जीप उताणी झाली नाही, कडेच्या निंबाला टेकली. फुटबोर्डवरचा एक पोरगा खाली आला. शाळेचा गणवेश अंगात होता. तो वाचला, पण पाय वाकडा राहिला. चाचाने त्याच्या घरी दोन वर्षं धान्य टाकलं. टायर घासून गुळगुळीत झालेलं आहे हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं, मीच स्टेपनी बदलायला मदत करायचो. वीस माणसं का भरली, तर हप्ता वीस माणसांच्या हिशोबाने ठरलेला होता. हे कारण आहे, सफाई नाही. त्या पोराला मी अजूनही चौफुलीवर भेटतो. आम्ही बोलतो, त्या दिवसाबद्दल सोडून.

हप्त्यावरून आठवलं. घरात मोठं भांडण झालं होतं ते व्याजावरून. दादांचं म्हणणं, सुदाच्या पैशाने घेतलेल्या गाडीत बरकत नाही. चाचाचं म्हणणं, बिनसुदाचा पैसा दाखवा, आत्ता घेतो. बँकेने दारात उभं केलं नव्हतं. एका खासगी फायनान्सवाल्याने दिलं, अव्वाच्या सव्वा दराने आणि कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन. २००६ च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. त्यात मी दोन गोष्टी शेजारी शेजारी वाचल्या. वाहतूक आणि गाड्यांची दुरुस्ती या कामांत मुसलमानांचं प्रमाण जास्त आहे. आणि मुसलमान वस्त्यांना काही बँका कर्जासाठी ‘निगेटिव्ह झोन’ ठरवून टाकतात. आकड्यांच्या त्या जाड अहवालात मला चाचाची कमांडर दिसली. ड्रायव्हिंग आणि मिस्त्रीकाम आपल्या रक्तातच आहे असं आमचे लोक अभिमानाने म्हणतात. रक्तात काही नसतं. जिथे शिक्षण, जमीन आणि बँक यांपैकी काहीच विचारलं जात नाही तिथे माणूस जातो. पान्हा आणि स्टिअरिंग तेवढं विचारत नाहीत.

मे २००५ मध्ये टाटांनी ‘एस’ आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने आधी तीनचाकीवाल्यांशी जाऊन बोलून घेतलं होतं. त्यांना चार चाकं हवी होती, केवळ पलटी होऊ नये म्हणून नव्हे, इभ्रतीसाठीही. इंडिकाचं चार सिलिंडरचं इंजिन जणू मधोमध कापून दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं डिझेल इंजिन केलं. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास, माल पाऊण टन. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या ओव्हरलोडिंगवर कडक निकाल दिला आणि मोठे ट्रक मोठ्या रस्त्यावर, छोटी गाडी गल्लीत अशी विभागणी वाढत गेली. पहिल्या दोनेक वर्षांत एक लाख गाड्या विकल्या गेल्या. लोकांनी तिला नाव दिलं छोटा हत्ती.

पाऊण टन म्हणजे किती? दादांच्या पंधरा पाट्या आणि वर आणखी तेवढ्याच. बरोबर तेवढीच गाडी. दादा १९९९ मध्ये गेले.

माझ्या भावाने २००७ मध्ये छोटा हत्ती घेतला. सीताफळं, मोसंबी, लिंबं, रमजानमध्ये खजुराची खोकी, गणपतीत मंडळाची मूर्ती, लग्नसराईत मांडवाचं सामान. भाड्याला नाही म्हणायचं नाही. पहिल्या वर्षी तीन हप्ते चुकले आणि गाडी ओढून नेली. भावजयीने बांगड्या मोडल्या आणि ती परत आणली. त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही. गाडीच्या मागे त्याने ‘माँ की दुआ’ लिहून घेतलंय. मी म्हटलं, हिशोबाने ‘भाभी के कंगन’ लिहायला हवं होतं.

नॅनोबद्दल दोन शब्द. १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी एक लाखाची मोटार दाखवली. स्कूटरवर पावसात भिजणारं चौकोनी कुटुंब बघून ती सुचली असं ते सांगत. भावना खरी होती. पण पोकळी किमतीवरून मोजली की असं होतं. आमच्याकडे लाखभर रुपये ज्याच्याजवळ होते, तो कमावती गाडी शोधत होता. नॅनोत चार माणसं बसत, पण माल बसत नव्हता आणि भाडं मारता येत नव्हतं. ज्याला फक्त मिरवायचं होतं त्याला जुनी मारुती तेवढ्यातच मिळत होती. २०१८ मध्ये नॅनो बंद पडली. कायद्याच्या रकान्यांनीही कमी घोळ घातला नाही. बजाजने २०१२ मध्ये रिक्षा आणि मोटार यांच्या मधलं चारचाकी वाहन दाखवलं. त्या जातीचं वाहनच कायद्यात नव्हतं. ते खासगी गिऱ्हाइकाच्या हाती पडायला २०१९ उजाडलं.

आता चौफुलीवर कमांडर दिसत नाही. क्रुझर आहेत, मॅजिक आहेत, ॲपे आहेत. बारामतीत बनणाऱ्या त्या ॲपेच्या इटालियन नावाचा अर्थ मधमाशी. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं थार घेऊन अजिंठ्याच्या डोंगरात येतात. चारही चाकांची ताकद असलेली, मोठ्या टायरची. मुद्दाम चिखलात घालतात, व्हिडिओ काढतात, मग धाब्यावर शेवभाजी खातात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण जी ताकद चाचाच्या गाडीतून काढून टाकली होती, ती आता हौसेसाठी परत बसवलीय. शेतकऱ्याला आजही पावसाळ्यात शेतातून चार क्विंटल माल काढायचा तर ट्रॅक्टरच लागतो. त्याला परवडेल अशी चारही चाकं ओढणारी छोटी पिकअप बाजारात नाही.

पीजे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. रूळ रुंद करणार असं सांगतात. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीत सुरू झाला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबला, तेव्हा त्याच ‘अवैध’ गाड्यांना प्रवासी न्यायची तात्पुरती परवानगी मिळाली. चाचाने तोवर गाडी विकली होती. डोळ्यांना मोतीबिंदू, गुडघे गेलेले. तो रोज असरनंतर चौफुलीवर येऊन बसायचा आणि गाड्या मोजायचा. त्या दिवसांत पोलीसच गाड्यांना रांगेत उभं करून पॅसेंजर बसवत होते. चाचाने मला विचारलं, “किती घ्यायला सांगतात?” मी म्हटलं, “पासिंगएवढेच.” तो बराच वेळ गप्प होता. मग समोरच्या ट्रॅक्सच्या ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, “बेटा, पुढचं टायर बघ. घासलंय.”